मागच्या जिन्यावरचे काम

इंग्लंडमधील ‘कंट्री हाउस’ म्हणजे गावाकडचे घर, असा शब्दाला शब्द लावून अर्थ केला तर त्या वास्तूची आणि तिच्या कारभाराची खरी कल्पना येत नाही. हजारो एकर जमीन, ती कसणारी कुळे, त्यांच्याकडून येणारा खंड, शिकारीचे रान, बागा, तबेले आणि या सर्वांच्या मध्यभागी मालकाचा वाडा, असा तो एक विस्तीर्ण संसार असे, आणि एकोणिसाव्या शतकातील मोठ्या वाड्यात मालकाच्या घरची माणसे पाच-सहा असली, तर त्यांच्यासाठी राबणारी माणसे त्यांच्या कितीतरी पट असत. या वाड्यांच्या वास्तुशिल्पावर, तेथील चित्रांवर आणि फर्निचरवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. तेथील रोजच्या कामाविषयी मात्र तुलनेने फार थोडे लिहिले गेले, कारण चित्र शतकानुशतके टिकते आणि घासून लख्ख केलेली शेगडी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंतच टिकते. त्यातच काम झालेले दिसावे, पण होताना दिसू नये, असा त्या घरांचा दंडक असल्यामुळे, उत्तम काम करणाऱ्याच्या हातचे काम सर्वांत कमी नजरेस पडत असे. म्हणूनच नोकरांनी स्वतः लिहून ठेवलेल्या मोजक्या रोजनिशा आणि आठवणी यांचे मोल मोठे आहे. त्या वाचताना असे ध्यानात येते की मालकांविषयी त्यांत अपेक्षेपेक्षा कमी, आणि वस्तूंविषयी, हत्यारांविषयी, वेळेविषयी, पाण्याच्या उष्णतेविषयी व कापडाच्या जातीविषयी कितीतरी अधिक लिहिलेले आहे. ही माणसे आपल्या कामाची जाणकार होती, आणि त्यांच्याकडे केवळ पिचलेली किंवा केवळ इमानी माणसे म्हणून पाहणाऱ्या लेखनातून त्यांचे हे जाणकारपणच निसटून जाते.

काम दृष्टीआड ठेवण्याचा हा दंडक भिंतींतच बांधलेला होता. रॉबर्ट कर या वास्तुविशारदाने १८६४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द जंटलमन्स हाउस’ या ग्रंथात, मालकाचे कुटुंब आणि नोकरवर्ग हे एकाच छपराखालचे दोन स्वतंत्र समाज मानून त्यांच्या वाटा एकमेकींना शक्यतो छेदू नयेत अशी घराची आखणी करावी, हे तत्त्व विस्ताराने मांडले आहे. प्रत्यक्षात हे तत्त्व त्या ग्रंथाच्याही आधीपासून रुळलेले होते. मुख्य जिना रुंद, उजेडाचा आणि गालिच्याचा, तर मागचा जिना अरुंद आणि उघड्या लाकडाचा किंवा दगडाचा. आणि या दोन जगांच्या सीमेवर हिरव्या ‘बेझ’चे दार असे. बेझ म्हणजे जाड लोकरी कापड. ते दारावर पितळी खिळ्यांनी ठोकून बसवले की स्वयंपाकघराकडचा आवाज आणि वास अलीकडे येत नसे. ससेक्समधील पेटवर्थ येथे नोकरांची इमारतच वेगळी असून ती वाड्याला भुयाराने जोडलेली आहे. त्याच परगण्यातील अपपार्क येथेही स्वयंपाकघर आणि तबेले यांच्याकडून वाड्यात येण्यासाठी जमिनीखालून वाट आहे, ज्यामुळे दिवाणखान्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याला हिरवळीवर ताट घेऊन चाललेला माणूस दिसत नसे. वरच्या मजल्यावरून नोकराला बोलावण्यासाठी तारांनी ओढल्या जाणाऱ्या घंटा असत. प्रत्येक खोलीची घंटा वेगळी, आणि आवाज थांबल्यावरही ती किंवा तिचा लोलक काही काळ हलत राहील अशी योजना केलेली असे, कारण ऐकणारा त्या क्षणी दुसऱ्या कामात असला तरी मागाहून येऊन कोणत्या खोलीतून बोलावणे आले ते त्याला पाहता यावे.

हाउसमेडचा, म्हणजे खोल्यांची सफाई करणाऱ्या मोलकरणीचा, दिवस घरातील इतर माणसे उठण्याच्या कितीतरी आधी सुरू होई, आणि त्याची सुरुवात राखेपासून होई. प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी असल्यामुळे प्रथम रात्रीची राख काढायची; ती टाकून द्यायची नसे, कारण तिच्यात अर्धवट जळालेले निखारे उरलेले असत आणि ते स्वयंपाकघरातील किंवा धुलाईघरातील विस्तवाला चालत. त्यासाठी हाउसमेडजवळ आत चाळणी बसवलेली बादली असे आणि तिच्यात राख चाळून निखारे वेगळे केले जात. मग लोखंडी जाळीवर ‘ब्लॅकलेड’ लावायचे, म्हणजे ग्रॅफाइटची काळी पूड ओली करून ब्रशने चोळायची आणि दुसऱ्या ब्रशने लोखंडाला चांदीसारखी झाक येईपर्यंत घासायचे. पोलादी भाग असेल तर त्याला एमरी कागद, कारण ब्लॅकलेडने पोलाद खराब होते. गालिच्यावर धूळ उडू नये म्हणून वापरून पिळलेली चहाची पाने शिंपडून मग झाडायचे. हे सर्व दिवाणखान्यात कोणी येण्यापूर्वी संपवून, विस्तव पेटवून, पेटी उचलून मागच्या जिन्याने नाहीसे व्हायचे. त्यानंतर शयनगृहांची पाळी येई. नळाचे गरम पाणी जेथे नव्हते, किंवा असूनही मालकांनी शयनगृहात ते घेतले नव्हते, तेथे अंघोळीचे पाणी पितळी किंवा तांब्याच्या झाऱ्यांतून वर न्यावे लागे आणि वापरलेले पाणी पुन्हा खाली आणावे लागे. एक गॅलन पाणी १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो भरते. एका अंघोळीला लागणारे गॅलन, एका मजल्याच्या पायऱ्या आणि पाहुण्यांची संख्या यांचा गुणाकार केला की त्या सकाळींचे ओझे हाताला जाणवू लागते. लेस्टरशरमधील बेल्व्हॉर किल्ल्यात तर केवळ पाणी वाहणारी, केवळ कोळसा वाहणारी आणि केवळ दिवे सांभाळणारी माणसे होती, तसेच जेवणाची वेळ झाल्याचा घंटानाद करीत दालनांतून फिरणारा एक वृद्ध सेवकही होता. त्या घरात वाढलेल्या लेडी डायना कूपर यांनी १९५८ सालच्या आपल्या आत्मचरित्रात त्यांचे वर्णन केले आहे. मुलीच्या डोळ्यांना ती माणसे राक्षसासारखी थोराड वाटत. त्या माणसांनी स्वतःविषयी काय लिहिले असते, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

हॅना कलविक हिने लिहिले. श्रॉपशरमधील शिफनल येथे १८३३ साली जन्मलेली ही मुलगी आठव्या वर्षी कामाला लागली, किशोरवयातच आई-वडिलांना मुकली, आणि पुढे स्टॅफर्डशरमधील एका मोठ्या वाड्यासह अनेक घरांत तिने स्कलरीत, म्हणजे भांडी घासण्याच्या खोलीत, आणि स्वयंपाकघरात काम केले. शयनगृहांतल्या किटल्या घासताना सोबतिणीबरोबर खेळताना मालकिणीने पाहिले म्हणून दोघींनाही नोकरी सोडण्याची सूचना मिळाली, ही घटना तिने कोणताही आक्रोश न करता नोंदवली आहे. १८५४ मध्ये आर्थर मन्बी या सुशिक्षित गृहस्थाशी तिची ओळख झाली, त्याच्या सांगण्यावरून ती रोजनिशी लिहू लागली आणि १८७३ मध्ये त्या दोघांनी गुप्तपणे लग्न केले. मन्बीला कष्टकरी स्त्रियांविषयी जे आकर्षण होते त्यामुळे या रोजनिशांकडे अभ्यासकांनी बहुधा त्या नात्याच्या अंगाने पाहिले. तसे पाहणे समजण्यासारखे असले, तरी त्यामुळे समोरचा मजकूर झाकला जातो, कारण ओळीमागून ओळ ती कामच लिहिते: कोणती चूल पेटवली, किती जोड बूट पुसले, कोणती फरशी गुडघ्यांवर बसून घासली, चिमणीत चढून काजळी कशी काढली. बुटांच्या जोडांची संख्या ठेवणारी ही बाई स्वतःच्या श्रमाचा हिशेब स्वतःच ठेवत होती. तो हिशेब तिच्याकडे कोणत्याही मालकिणीने मागितलेला नव्हता. तिच्या वह्या आज केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात जपून ठेवलेल्या आहेत.

स्वयंपाकघरातील तांब्याच्या भांड्यांना आतून कल्हई असे आणि बाहेरून ती मीठ, व्हिनेगर व बारीक वाळू यांच्या मिश्रणाने, नुसत्या हाताने घासली जात. चिंच जे काम आपल्याकडे करते ते तेथे व्हिनेगर करी. थंडीच्या दिवसांत, सोड्याच्या पाण्याने आधीच भेगाळलेल्या बोटांना मीठ आणि व्हिनेगर लागल्यावर काय होत असेल, हे सांगण्यासाठी विशेषणांची गरज नाही. हाताची अशीच परीक्षा बटलरच्या पॅन्ट्रीतही होई. पॅन्ट्री म्हणजे चांदीची व काचेची भांडी ठेवण्याची व धुण्याची खोली. तेथील सिंक मुद्दाम लाकडाचे किंवा शिशाच्या पत्र्याने मढवलेले असे, कारण दगडावर आपटून काच फुटते आणि चांदीला पोचे पडतात. चांदी चमकवण्यासाठी ‘रूज’ नावाची लोहाच्या गंजाची अतिशय बारीक तांबडी पूड ओली करून अंगठ्याने आणि बोटांनी चोळली जाई. फडक्याने नव्हे, कारण ओरखडे बुजवण्यासाठी लागणारा दाब आणि ऊब त्वचेतूनच मिळते. प्रथम बोटांना फोड येत, ते फुटत, तरी चोळणे थांबत नसे, आणि काही महिन्यांनी त्वचा इतकी घट्ट होई की पुन्हा फोड येत नसत. अशा हातांना त्या धंद्यात ‘प्लेट हँड्स’ म्हणत, आणि तसा हात तयार होणे ही फुटमनच्या, म्हणजे गणवेशातील सेवकाच्या, उमेदवारीची खूण मानली जाई. ताटावर जी खोल, निळसर झाक येई ती या हातांची होती, आणि जेवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे माहीत असे.

नोकरांमध्येही उतरंड होती. पुरुषांवर बटलरचा आणि स्त्रियांवर हाउसकीपरचा, म्हणजे घराची व्यवस्था व किल्ल्या सांभाळणाऱ्या स्त्रीचा, अधिकार चाले. हाउसकीपर अविवाहित असली तरी तिला ‘मिसेस’ म्हणत, फुटमनला पुष्कळदा त्याचे खरे नाव बाजूला ठेवून त्या घरात त्या जागेसाठी ठरलेले जॉन किंवा जेम्स असे नाव दिले जाई, आणि पाहुण्यांबरोबर आलेले खासगी सेवक खालच्या जेवणघरात आपापल्या मालकांच्या नावांनी ओळखले जात व त्याच मानक्रमाने बसत. मिसेस बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध पुस्तकात वेतनाचा तक्ता आहे. त्यात बटलरला वर्षाला २५ ते ५० पौंड आणि स्कलरीतल्या मुलीला ५ ते ९ पौंड दाखवले आहेत. राहणे-जेवणे घरातच असल्यामुळे ही रक्कम दिसते तितकी अपुरी नव्हती, असे म्हटले जाते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु नोकरी सोडताच छप्परही सुटत असे, आणि खरा जाच तेथे होता. पुढची नोकरी मिळायची ती ‘कॅरेक्टर’वर, म्हणजे आधीच्या मालकाने वर्तणुकीविषयी दिलेल्या दाखल्यावर, खोटा दाखला वापरणे १७९२ च्या कायद्याने गुन्हा ठरवले होते, मात्र खरा दाखला देण्याचे कोणतेही बंधन मालकावर नव्हते. एका बाजूनेच बांधणारा हा कायदा नोकराच्या मनात रात्रंदिवस कोणते भय ठेवत असेल, याचा विचार केल्याशिवाय त्या काळच्या ‘नम्र’ सेवकाचे वर्णन वाचू नये.

भारतातून परतणाऱ्या इंग्रज कुटुंबांबरोबर, मुंबई बंदरातूनही, मुले सांभाळण्यासाठी ज्या आया जात त्यांना तर असा दाखलाही कधी कधी मिळत नसे. प्रवास संपल्यावर परतीच्या सोयीविना राहिलेल्या अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये प्रथम ऑल्डगेट भागात आणि नंतर हॅकनीतील किंग एडवर्ड्स रोडवर आसराघर चालवले जाई. तेथून पुन्हा एखाद्या कुटुंबाबरोबर जहाजाने परतण्याची वाट त्या पाहत. समुद्र पुन्हा पुन्हा ओलांडलेल्या या बायांच्या अनुभवाची हॅनाच्या वह्यांसारखी एखादी वही आज हाती असती तर ती अमोल ठरली असती.

अपपार्कचा उल्लेख वर आला आहे. त्या वाड्याकडे पुन्हा वळणे आवश्यक आहे, कारण मागचा जिना आणि पुढचा जिना यांची तेथे जशी गाठ पडली तशी क्वचितच कोठे पडली असेल. या वाड्याचा मालक सर हॅरी फेदरस्टनहॉ याने १८२५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, आपल्याच दुग्धशाळेत काम करणाऱ्या मेरी अॅन बुलक या तरुणीशी विवाह केला. होकार असेल तर जेवणासाठी वर येणाऱ्या मटणाच्या तुकड्यातून एक काप काढून घ्यावा, असे त्याने तिला सांगितले आणि ते मटण कापलेले आले, अशी आख्यायिका आहे. १८४६ साली तो वारल्यावर वाडा तिच्याकडे आणि तिच्यानंतर तिची बहीण फ्रान्सिस हिच्याकडे आला. या दोघी बहिणींनी १८९५ पर्यंत त्या घरात जवळपास काहीही बदलले नाही: पडदे तेच, भिंतींचे कागद तेच, खुर्च्यांच्या जागा त्याच. व्हिक्टोरियन काळात इतर वाड्यांतून जुने सामान काढून नवे भरले जात असताना अपपार्क अठराव्या शतकातील रूपात राहिले. याचे श्रेय इतिहासकार बहुधा सर हॅरीच्या स्मृतीवरील निष्ठेला देतात. परंतु ज्या स्त्रीने लहानपणापासून दुधाची भांडी उकळून, घासून, उन्हात पालथी घालून ठेवली होती, तिला वस्तू टिकवणे म्हणजे काय हे विकत घेणाऱ्यांपेक्षा अधिक कळत असावे, हीही शक्यता तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी.

याच फ्रान्सिसची १८५० च्या सुमारास सारा नावाची खासगी सेविका, म्हणजे लेडीज मेड, होती. तिने तेथील माळ्याशी, जोसेफ वेल्सशी, लग्न केले, ब्रॉम्लीला चिनी मातीच्या भांड्यांचे न चालणारे दुकान चालवले, आणि १८८० मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, हाउसकीपर म्हणून ती अपपार्कला परत आली. तिचा धाकटा मुलगा म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेला लेखक एच. जी. वेल्स. हा मुलगा सुटीत आईच्या तळघरातील खोलीत राहत असे, माळ्यावर सापडलेल्या दुर्बिणीचे सुटे भाग जोडून आकाश पाहत असे आणि सर हॅरीच्या संग्रहातील प्लेटो व व्हॉल्तेअर वाचत असे. १९३४ सालच्या आत्मचरित्रात त्याने आई ही बहुधा सर्वांत वाईट हाउसकीपर होती असे मोकळेपणाने लिहिले आहे, कारण कामाची आखणी, नोकरांवर नियंत्रण, कोठीची खरेदी यांपैकी कशाचेही शिक्षण तिला मिळालेले नव्हते. हे मत खोटे मानण्याचे कारण नाही, परंतु ते अपुरे आहे. लेडीज मेडचे ज्ञान शिवणाचे, केसांचे आणि कापडाचे असते, तर हाउसकीपरचे ज्ञान साठ्याचे, हिशेबाचे आणि माणसांचे असते. एका कामात मुरलेल्या बाईला दुसऱ्या कामाच्या किल्ल्या देणे हा धनिणीचा निर्णय होता आणि त्याची किंमत साराने मोजली. कान जवळजवळ गेलेले असताना, तळघराच्या ओलसर अंधारात तेरा वर्षे काढून, १८९३ मध्ये वयाच्या सत्तराव्या वर्षी तिला ती जागा सोडावी लागली. तिच्या रोजनिशीचाच आधार मुलाने आत्मचरित्रात घेतला, आणि आईविषयीची त्याची सर्वांत हळवी पाने त्याच आधारावर उभी आहेत.

विसाव्या शतकात या अनुभवाला छापील वाणी मिळाली. मार्गारेट पॉवेल हिचे ‘बिलो स्टेअर्स’ १९६८ साली आले. तिचे काम कंट्री हाउसमधले नसून प्रामुख्याने शहरातील घरांमधले होते, पण बुटांच्या नाड्यांनाही इस्त्री करावी लागे आणि मालकिणीच्या हाती काहीही थेट द्यायचे नसून चांदीच्या तबकातूनच पुढे करायचे असे, या तिने सांगितलेल्या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच लागू होत्या. रोझिना हॅरिसनचे ‘रोज: माय लाइफ इन सर्व्हिस’ १९७५ चे. यॉर्कशरमधील रिपनजवळ १८९९ साली जन्मलेल्या या मुलीला प्रवास करायचा होता आणि लेडीज मेड झाल्याशिवाय तो घडणार नाही हे ओळखून तिने फ्रेंच आणि शिवणकाम शिकून घेतले. म्हणजे तिच्यासाठी सेवा हा वाट्याला आलेला भोग नव्हता, ती आखून धरलेली वाट होती. १९२८ पासून टेम्स नदीवरील क्लिव्हडन या वाड्याच्या मालकीण आणि ब्रिटिश संसदेत आसनस्थ झालेल्या पहिल्या स्त्री सभासद नॅन्सी अॅस्टर यांच्या घरी ती राहिली, आणि १९६४ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत त्यांच्याजवळ होती. मालकीण तापट होती. रोझिनाही उलट उत्तर देई. दिवसातून पाच-पाच वेळा बदलायचे पोशाख, प्रत्येकाबरोबरचे हातमोजे, दागिने, प्रवासाच्या पेट्या यांची तिने केलेली वर्णने एखाद्या कसबी कारागिराने आपल्या हत्यारांविषयी बोलावे तशी आहेत, आणि पुस्तकातील सर्वांत जिवंत भाग तोच आहे.

पहिल्या महायुद्धात कारखाने आणि कचेऱ्या यांची दारे मुलींना उघडी झाल्यावर त्या परत मागच्या जिन्याकडे यायला तयार होईनात. १९१९ मध्ये सरकारला या ‘घरकामाच्या प्रश्ना’वर समितीचा अहवाल घ्यावा लागला. पुढे अनेक वाडे पाडले गेले आणि अनेक नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे वारसा जपणाऱ्या संस्थेकडे, आले. तेव्हा एक अडचण उभी राहिली: वस्तू होत्या, पण त्या सांभाळायच्या कशा हे जाणणारे हात पांगले होते. ट्रस्टने १९८४ मध्ये घर सांभाळण्याची जी पुस्तिका काढली तिच्यात कोणत्या धुळीला कोणत्या केसांचा ब्रश, पडदे कोणत्या वेळी ओढायचे, हिवाळ्यात सामान कापडाने कसे झाकायचे, हे शास्त्राच्या भाषेत आहे. सूर्य कोणत्या खोलीत केव्हा येतो ते पाहून पडदे ओढण्याच्या सूचना केंटमधील सुझाना व्हॉटमन या गृहिणीने १७७६ मध्ये आपल्या मोलकरणींसाठी लिहून ठेवल्याच होत्या.

अपपार्कचे जीर्ण रेशमी पडदे त्या घरच्या पुढच्या काळातील गृहिणी लेडी मीड-फेदरस्टनहॉ यांनी १९३० च्या दशकापासून वर्षानुवर्षे स्वतः दुरुस्त केले, तेही सोपवर्ट या, रिठ्यासारखा सौम्य फेस देणाऱ्या वनस्पतीच्या काढ्यात धुऊन. ३० ऑगस्ट १९८९ रोजी छपराच्या दुरुस्तीचे काम संपत आलेले असताना वाड्याला आग लागली. वरचे मजले कोसळले, पण कर्मचारी, अग्निशमन दलाचे जवान आणि कुटुंबीय यांनी साखळी करून खालच्या दालनांतील बरेचसे सामान हिरवळीवर आणून ठेवले. त्यानंतर राडारोडा फेकून न देता हजारो पिंपांत भरण्यात आला, आणि कित्येक महिने माणसे वाड्याच्या आवारात ती राख चाळणीतून चाळत, प्लास्टरचा तुकडा, दाराची पितळी मूठ, झुंबराचा लोलक एकेक करून वेगळा काढत बसली.